उसने बूट

या, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. मोठ्यानं सांगायला गेलो तर माझा आवाज चढेल, आणि चढलेल्या आवाजात देवाचं नावसुद्धा शिवीसारखं ऐकू येतं. गोष्ट एका पायाची आहे. पाय आईचा आणि राग तिच्या मुलाचा. राजा नाही, राक्षस नाही. एक हॉटेल, हॉटेलाला एक दार, आणि त्या दाराशी ठेवलेले काळे बूट. एवढ्या सामानावर सांगतो. ऐका.

तो दाराशी पोचला तेव्हा भर दुपार होती आणि त्याला उशीर झाला होता. इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिथे तो रोग्यांच्या पायताणांचं काम करतो. ज्यांच्या तळव्यातला जीव गेलाय, ज्यांना टोचलेलं भाजलेलं कळत नाही, अशांच्या पायांची मापं घ्यायची, प्लास्टरचे साचे काढायचे, मऊ रबर कापून तळव्याच्या खाचाखोचांप्रमाणे बसवायचं. इस्पितळात त्याला सगळे मापवाला म्हणतात. निघता निघता एक म्हातारेबुवा पट्टा तुटला म्हणून आले, त्यांना तसंच कसं धाडणार, म्हणून थांबला होता. धाकट्या भावाला बढती मिळाली होती, त्याचं जेवण. धाकट्यानं फोनवर सांगितलं होतं, "दादा, मी आईला घेऊन पुढे होतो, तू परस्पर ये. साधंच हॉटेल आहे रे, घाबरू नकोस." घाबरू नकोस, हे का म्हणाला, याचा विचार मापवाल्यानं तेव्हा केला नव्हता. तो तसाच आला, बोटांवर रबर चिकटवायचं वाळलेलं सोल्यूशन, गुडघ्यांवर प्लास्टरचे पांढरे डाग, पायात स्वतः शिवलेल्या सँडल. आणि दारावरच्या माणसानं त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघितलं. पायांकडे बघायची सवय मापवाल्यालाही होती, पण तो पाय बघायचा, हा पायातलं बघत होता.

"साहेब, जरा थांबता?" दारवाला म्हणाला. उतारवयाचा, इस्त्रीच्या कोटातला, आवाजात खरोखरीचं अवघडलेपण. त्यानं बोटानं पाटी दाखवली. नीटनेटका पेहराव अपेक्षित. चपला, सँडल व कामाचे कपडे यांना प्रवेश नाही. खाली खडूनं एक हसरा चेहरा काढला होता. मापवाल्याला आधी हसूच आलं. आत लाकडी बाकडी होती, मुद्दाम न रंगवलेली. भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. खिडकीपाशी एक तरुण बसला होता त्याच्या पँटचे दोन्ही गुडघे फाटलेले आणि फाटलेल्या ठिकाणी दोरे नीट विंचरल्यासारखे लोंबत होते. म्हणजे भिंतीनं कपडे काढलेले चालतात, विकत घेतलेलं फाटकं चालतं, कामानं मळलेलं चालत नाही. हे आईला सांगायला हवं, तिला फार आवडेल, असं त्याच्या मनात आलं. धाकट्याला फोन करून बाहेर बोलवावं, तुम्ही जेवा, मी घरी वरणभात खातो म्हणावं, असं ठरवून तो वळणार, एवढ्यात दारवाल्याच्या स्टुलाशेजारच्या बुटक्या फळीवर त्याला आईच्या सँडल दिसल्या.

त्या त्याला कुठेही ओळखू आल्या असत्या. डाव्या सँडलचा पट्टा रुंद, कारण अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं; चवड्याखाली त्यानं चामडं कापायच्या रापीनं खरवडून केलेला खळगा, तिथे पूर्वी एकदा जखम होऊन गेली होती म्हणून त्या जागेवर भार पडायला नको. त्या फळीवर शेजारी शेजारी, टाचा जुळवून, शहाण्या मुलांसारख्या उभ्या होत्या. आणि पाय? पाय कुठे आहेत?

"या इथे कशा?" त्यानं विचारलं.

"काकूंच्या का? तुम्ही त्यांच्याबरोबरचे?" दारवाल्याचा चेहरा उजळला. "काही काळजी करू नका, मी लक्ष ठेवून आहे. ज्यांच्याकडे बूट नसतात ना, त्यांच्यासाठी आम्ही ठेवलेत. नशीब बघा, काकूंच्या मापाचे बरोब्बर सापडले. तुमच्यासाठी बघू का?"

मापाचे. मापवाल्याच्या कानात तो शब्द गरम पाण्यासारखा उतरला. त्यानं काचेतून आत बघितलं. तिसऱ्या बाकावर आई पाठमोरी बसली होती, ठेवणीतल्या साडीत, आणि साडीच्या काठाखाली दोन काळे, चकचकीत, पुरुषी बूट. आत कुठलंतरी गाणं वाजत होतं, नगाऱ्यासारखा ठोका असलेलं, आणि आईचा डावा पाय त्या ठोक्यावर पडत होता. टाच टेकलेली, चवडा वर, चवडा खाली. वर, खाली. ती ताल देत होती.

ताल तिच्या अंगातच होता. त्यांच्या जुन्या गल्लीच्या टोकाला एका वाड्याचा दिवाणखाना होता, तिथे संध्याकाळी एक गृहस्थ उभं राहून देवाच्या कथा गाऊन सांगायचे, आणि आई लहानग्या मापवाल्याला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायची. त्याला कथा आठवत नाहीत, आईची हलणारी मांडी आठवते. झोप लागायची ती त्या हलण्यावर. एक कथा मात्र लक्षात राहिली होती: देव फाटक्या वेषात एका श्रीमंताच्या दाराशी येतो आणि दारावरचा माणूस त्याला कपडे बघून परत पाठवतो. "परत पाठवला" हे शब्द ते गृहस्थ इतके लांबवायचे, इतके घोळवायचे, की सगळा दिवाणखाना डोळे पुसायचा. चांगले कपडे घातलेली माणसं होती ती. घरी जाताना हळहळत जायची. आता काचेशी उभ्या मापवाल्याला वाटलं, त्यांतल्याच कुणाच्या नातवानं ही पाटी लिहिली असेल. रडून झालं की माणसाला आपण दाराच्या आतलेच असल्याची खात्री पटत असावी.

आईच्या पायातला जीव गेला तो मधुमेहानं, हळूहळू, कुणाला न सांगता. एकदा आई बाजारातून आली तर एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. चप्पल रस्त्यात कुठे राहिली तिला पत्ता नाही. मग डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून तळव्याला बारीक नायलॉनचा दोरा लावला, "लागतंय का, आजी?" "लागतंय." "आता?" "लागतंय की." शेवटी डॉक्टरांनी दोरा खिशात ठेवला आणि नुसतं विचारलं, "आता?" आणि आई म्हणाली, "हो हो, लागतंय." मापवाला शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "आई, खोटं कशाला बोललीस?" तर म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस माझ्या पायाशी वाकून बसला होता रे, त्याला नाही कसं म्हणू?" त्या दिवसापासून तो रोज घरी आला की हातपाय धुऊन खाली बसायचा, आई पाय त्याच्या मांडीवर द्यायची, आणि तो दोन्ही तळवे हातानं चाचपून बघायचा. कुठे गरम आहे, कुठे ओलं आहे, कुठे लाल. तिला दुखत नाही म्हणजे दुखायचं काम घरात दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. आणि एक नेम त्यानं तिला लावून दिला होता, जो तो आपल्या प्रत्येक रोग्याला लावून द्यायचा: पायात काहीही घालायच्या आधी आत हात घालायचा. सगळीकडून फिरवायचा. खडा, शिवण, खिळ्याचं टोक, काय असेल ते हाताला सांगू दे. पाय सांगणार नाही. आईनं तो नेम जपासारखा पाळला होता. स्वतःच्याच सँडलमध्ये, स्वतःच्याच घरी, रोज हात घालून बघायची आणि वर म्हणायची, "कुणी नाही हो आत, या."

"मला आत जायचंय," तो दारवाल्याला म्हणाला.

"साहेब, माझ्या हातात असतं तर..." दारवाला खरोखर दोन पावलं आडवा आला आणि खरोखर मान खाली घालून आला. "मला बोलणी बसतात हो."

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. तरुण, गोड, दाढी कोरलेली. "येस सर, काय झालं? आपल्याकडे बूट आहेत ना, सरांना दाखवले का?"

"मला जेवायचं नाही," मापवाला म्हणाला. "माझ्या आईच्या पायातले बूट काढायचेत, तेवढं झालं की मी जातो."

मॅनेजरनं काचेतून बघितलं. "त्या काकू? सर, त्या तर छान एन्जॉय करतायत. जेवण होऊ द्या ना. मग बदलतीलच."

"तिला ते चालणार नाहीत. तिचे पाय..."

"त्यांनी काही तक्रार केली नाही सर."

"ती करणारच नाही. तिला कळतच नाही!"

"मग प्रॉब्लेम काय आहे, सर?"

हे तो उद्धटपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. अगदी समजून घ्यायच्या सुरात म्हणाला, डोकं जरा कलतं करून, आणि मापवाल्याच्या आत काहीतरी टाका उसवल्यासारखं सुटत गेलं. प्रॉब्लेम काय आहे. ज्याला लागत नाही त्याला काय घातलं तरी चालतं, असं हा माणूस म्हणतोय. आणि हाच काय, सगळेच म्हणतायत, आयुष्यभर म्हणत आलेत. आईला चालतं. आईला शेवटी बसवा, आईला शिळं चालतं, आईला उभ्यानं चालतं, आई काही म्हणत नाही. धाकट्यानंही तेच केलं असणार, दारात पाटी वाचून इकडेतिकडे बघितलं असणार, मागे ओळखीचं कुणी नाही ना, आणि म्हटलं असणार, आई, घाल ना गं, तासाभराचा तर प्रश्न. आणि ती म्हणाली असणार, हो हो. ती हो हो म्हणत आली म्हणून तिच्या भोवतीची सगळी माणसं भली राहिली. इतकं सगळं त्याच्या डोक्यात एकदमच आलं, आणि आत काचेपलीकडे तो पाय वर होत होता, खाली होत होता, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर मापवाल्याला आपल्याच तळव्यात काहीतरी घुसल्यासारखं वाटत होतं. त्यानं फळीवरच्या सँडल उचलल्या, मॅनेजरला खांद्यानं बाजूला सारलं आणि आत गेला.

आत गार होतं. लोकांच्या माना वळल्या. आई वळली आणि तिचा चेहरा फुलला. "आलास? बस बस. अरे, इथे गाणं किती छान लावतात. शब्द कळत नाहीत, पण ठेका काय आहे!"

तो बाकाखाली गुडघ्यावर बसला आणि तिच्या डाव्या पायाला हात घातला.

"दादा, काय करतोयस?" धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या अंगावर नवा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. "इथे नको ना. लोक बघतायत."

"बघू देत. डोळे फुटलेले नाहीत ना त्यांचे? बघू देत."

"अरे, सॉफ्ट आहेत ते आतून, मी विचारलं होतं..."

"तू विचारलंस. हात घातलास?"

बूट निघेना. पाय सुजून आत बसला होता. मापवाल्यानं नाडी ओढून काढली, जीभ उलटी केली, टाच हातात धरून हलकेच फिरवली, जसा तो रोज किती अनोळखी पायांना फिरवायचा, आणि बूट सुटला. मोजा पांढरा होता, तोही हॉटेलाचाच. चवड्याखाली तो ओला लागला. बघायच्या आधी हाताला कळलं. तरी त्यानं मोजा उतरवला.

आई वाकून बघत होती. जमिनीवर रक्ताचे ठिपके पडलेले बघून ती दचकली, आणि आजूबाजूला नजर टाकून कळवळ्यानं म्हणाली, "अगंबाई, कुणाला लागलं?"

मी तुम्हाला सांगतो, त्या खोलीत तेव्हा देवही असता तरी त्यानं मान खाली घातली असती.

"सर, प्लीज, बाकीचे गेस्ट जेवतायत," मॅनेजर मागून म्हणत होता. "आपण बाहेर बोलू." मापवाला उठला. त्यानं तो बूट टेबलावर ठेवला, पाण्याच्या ग्लासांच्या आणि पावाच्या टोपलीच्या मधोमध. फाटक्या गुडघ्यांचा तरुण घास तसाच धरून बघत राहिला. "नीटनेटका आहे की नाही बघा," मापवाला म्हणाला. आवाज त्याचाच होता पण त्याला लांबून आल्यासारखा ऐकू आला. "पॉलिश आहे. नाडी आहे. बंद आहे. पाटीवर लिहिलंय तसा आहे. आता आत हात घाला." मॅनेजरनं हात मागे घेतले. धाकटा ताटाकडे बघत होता. मग दारावरचा तो माणूस, दार सोडून, सगळ्यांच्या मधून आला आणि त्यानं बुटात हात घातला. चाचपत पुढे गेला, थांबला, ओठ आवळले. बोट बाहेर काढलं तर टोकावर लाल ठिपका. "सोडून गेलेल्या एका वेटरचे बूट हे," तो कुणाला उद्देशून म्हणाला कोण जाणे. "लंगडायचा तो. आम्ही त्याला नाचऱ्या म्हणायचो."

पुढचं सगळं इस्पितळातलं. मापवाल्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, त्याच्याच ओळखीच्या डॉक्टरांच्या हाताखाली. जखम वरून एवढीशी दिसायची, पण ताल धरून धरून बुटातला खिळा खोल गेला होता. त्या पायात रक्त कसंबसं पोचायचं, औषध पोचायला वेळ लागायचा, आणि सडणं मात्र पायवाट सापडल्यासारखं पुढे जायचं. शेवटी अंगठा काढावा लागला. धाकटा रोज यायचा, सफरचंदं आणायचा, कोपऱ्यात उभा राहायचा. त्यानं हॉटेलाबद्दल इंटरनेटवर लिहिलं होतं, भरपूर लिहिलं होतं, आणि हॉटेलाचं उत्तर आलं होतं: आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या भेटीत गोड पदार्थ आमच्यातर्फे. "मधुमेही बाईला!" मापवाला म्हणाला, आणि दोघे भाऊ हसले, आणि हसता हसता धाकट्याला रडू फुटलं. मापवाल्याला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि कानफटवावंसंही वाटलं. त्यानं दोन्ही केलं नाही. सफरचंद कापत बसला.

तो बूट त्यानं टेबलावरून उचलून आणला होता. जोडीतला दुसराही. मॅनेजर "सर, ती हॉटेलची प्रॉपर्टी आहे" म्हणत दारापर्यंत आला होता, पण दारवाल्यानं त्या वेळी दार पुरतं उघडून धरलं होतं. एका दुपारी खोलीत कुणी नसताना मापवाल्यानं रापीला धार लावली आणि बूट टाचेपासून चिरला. आतलं अस्तर सोलून काढलं. सोल एकदा उसवला असणार आणि कुणीतरी घाईनं, रस्त्याच्या कडेला, लांब खिळा ठोकून बसवला असणार. वरून दिसत नव्हतं, म्हणून चालून गेलं. तो कापत राहिला. खिळा सापडल्यावरही कापत राहिला. तो नाचऱ्या वेटर दिवसभर ताटं उचलून या खिळ्यावर उभा राहिला असणार, बूट बदलून मागायची सोय नसणार, आणि गिऱ्हाईक त्याला म्हणालं असणार, जरा चटचट पाय उचल. राग कुणावर काढायचा तेच त्याला धड सापडेना. मॅनेजर लहान होता, पाटी कुणीही लिहिली असेल, धाकटा लाजला होता एवढंच. सगळे आपापल्या परीनं नीटनेटके. राग आईवर वळला तेव्हा त्यानं रापी खाली ठेवली.

आणि तरी त्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसून त्यानं विचारलंच. "आई, तू हात का नाही घातलास? घरी घालतेस, माझ्या हातच्या सँडलमध्ये घालतेस. तिथेच का नाही?"

आई छताकडे बघत होती. "घालणार होते रे," ती म्हणाली. "पण तो दारावरचा माणूस, केवढा वयाचा, माझ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. बूट पुसून, तोंड उघडून धरला होता, म्हणाला, घाला काकू, मी धरतो. त्याच्या डोळ्यांदेखत मी आत हात घालून चाचपायचं? म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं नाही का झालं? आधीच बिचारा पाटी दाखवून मेल्याहून मेला झाला होता."

मापवाल्याच्या घशात जे आलं ते हुंदका नव्हता, डरकाळी होती. ती त्यानं गिळली, ती अजून तिथेच आहे.

"त्याला कुणी बोललं नाही ना?" आईनं विचारलं. "अंगठ्याचं त्याला सांगू नकोस. उगीच मनाला लावून घेईल."

"आणि मी? मी मनाला लावून घेतलं तर चालतं?"

आईनं त्याच्याकडे मान वळवली. मग पांघरुणातून पट्ट्या बांधलेला पाय सरकवत सरकवत त्याच्या मांडीवर आणून ठेवला. "बघ," ती म्हणाली. "बघायचा राहिलाय आज."

नवा साचा त्यानंच काढला. प्लास्टर ओतताना अंगठ्याची जागा मोकळी राहिली, तिथे मऊ रबराचा तुकडा कापून बसवायचा होता, नाहीतर बाकीची बोटं तिकडे झुकतात. तो तुकडा त्यानं पुन्हा पुन्हा केला. मनासारखा उतरेना. शेवटी सँडल तयार झाली तेव्हा ती आईपुढे ठेवायच्या आधी त्यानं आत हात घातला आणि सगळीकडून फिरवला, आणि आईनंही त्याच्या डोळ्यांदेखत, जराही न संकोचता, आत हात घातला. अंगठ्याच्या जागी बसवलेल्या रबरापाशी तिचं बोट अडलं. "कुणी नाही हो आत" हे ती या वेळी म्हणाली नाही. पाय घालून उभी राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी काहीतरी ठोकत होतं, आणि थोड्या वेळानं तिचा चवडा वर झाला, खाली झाला.

संपली गोष्ट. ती पाटी अजून तिथेच आहे, हसरा चेहरा मधूनमधून पुसट होतो तेव्हा कुणीतरी नवा काढतं. तुम्ही इतक्या जवळ येऊन ऐकलंत, आता एक मागणं आहे. उद्या एखाद्या दारात कुणी तुम्हाला आत घ्यायच्या आधी बूट पुढे केला, कितीही प्रेमानं केला, गुडघे टेकून केला, तरी आधी आत हात घाला. समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू दे. आणि हात त्या अंधारात पुढे सरकत असेल ना, तेवढा वेळ त्या माउलीची आठवण ठेवा.